बौद्धिक दिव्यांग प्रौढांचे लैंगिक संबंध: ‘हो’ कोण म्हणू शकतं?

रेवा:

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांकडून हा प्रश्न सारखा येतो, म्हणून स्वतंत्र धागा काढते आहे. घरातला मुलगा किंवा मुलगी पंचवीस-तीस वर्षांची, डाउन सिंड्रोम किंवा स्वमग्नता असलेली. डे सेंटरमध्ये कुणाशी तरी सूत जुळलं आहे. कौन्सिलच्या (म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनाच्या) सोशल वर्करने संबंधांबाबत निर्णय घेण्याच्या क्षमतेचं मूल्यांकन करायचं ठरवलं आहे. आईवडील विचारतात, "आम्ही पालक आहोत, आम्ही सही केली तर चालेल ना?" किंवा याच्या उलट, "आम्ही नको म्हटलं की विषय मिटला ना?"

दोन्हींचं उत्तर नाही असंच आहे, आणि त्याचं कारण नीट कळल्याशिवाय पुढचं काहीच कळत नाही.

इंग्लंड आणि वेल्समध्ये २००५चा मानसिक क्षमता कायदा चालतो. २००७ पासून तो अंमलात आहे आणि साधारणपणे १६ वर्षांवरच्या सगळ्यांना लागू आहे. (स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडचे कायदे वेगळे, त्यांची इथे गल्लत नको.) एखाद्या बाबतीत माणसाला निर्णय घेता येत नसेल, तर त्याच्या हिताचा विचार करून दुसऱ्याने तो घ्यायचा, ही या कायद्याची नेहमीची वाट. पैसे, औषधं, राहायची जागा, सगळ्यात तसंच. पण कलम २७ मध्ये काही गोष्टी या वाटेवरून मुद्दाम बाजूला काढल्या आहेत. लग्नाला संमती आणि लैंगिक संबंधांना संमती या त्यातल्या पहिल्या दोन. इथे आईवडील, नवरा-बायको, मुखत्यारपत्र असलेला माणूस, कोर्टाने नेमलेला डेप्युटी, इतकंच काय, अशा व्यक्तींचे निर्णय पाहणारं खुद्द कोर्ट ऑफ प्रोटेक्शनसुद्धा त्या व्यक्तीच्या वतीने ‘हो’ म्हणू शकत नाही.

म्हणजे क्षमता असेल तर निर्णय पूर्ण त्या व्यक्तीचा. नसेल तर कुणाचाच नाही. तिच्या मानसिक अवस्थेमुळे तिला नकार देता येत नाही हे माहीत असून, किंवा कळायला हवं असून, जो संबंध ठेवेल तो २००३च्या लैंगिक गुन्हे कायद्याच्या कलम ३० खाली सापडतो. एका अहवालावर एखाद्याचं आख्खं शरीरसुख उभं राहतं किंवा कायमचं बंद होतं. म्हणून तो अहवाल कसा होतो याकडे घरच्यांनी डोळ्यांत तेल घालून पाहावं, एवढ्यासाठी हा धागा.

खडकवासला:

चांगला विषय. पण मुलाच्या नावाने ‘हेल्थ अँड वेल्फेअर’चं मुखत्यारपत्र रीतसर नोंदवलेलं असेल तर? त्यात ‘सर्व वैयक्तिक निर्णय’ असं लिहिलेलं असतं.

रेवा:

तरीही नाही. कलम २७ मुखत्यारपत्रालाही लागू आहे. त्या कागदावर मुलगा कुठे राहील, कोण काळजी घेईल, कुणाला भेटेल हे ठरवता येईल, तेही त्या त्या बाबतीत त्याची स्वतःची क्षमता नसेल तरच. आणि भेटीगाठी आणि संबंध हे दोन निराळे प्रश्न आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्याला चिकटवायचं नाही. संबंधांची क्षमता आहे, पण कोणत्या माणसापासून धोका आहे हे ओळखायची नाही, असं पुष्कळदा निघतं. तेव्हा भेटी कशा व्हाव्यात यावर हिताचा निर्णय होऊ शकतो. संबंधांवर नाही.

अनिकेत_ब्रिस्टल:

मूल्यांकनात नेमकं काय तपासतात ते सविस्तर लिहितो.

आजचा मुख्य निकाल जेबी नावाने ओळखला जातो (अशा प्रकरणांत खरं नाव न देता आद्याक्षरं वापरतात). यूके सुप्रीम कोर्ट, २४ नोव्हेंबर २०२१, निकालपत्र लॉर्ड स्टीफन्स यांचं. जेबी हा स्वमग्नता आणि आकलनात अडचण असलेला, तिशीतला पुरुष. त्याला मैत्रीण हवी होती. स्त्रियांशी त्याचं वागणं पाहून कौन्सिलने त्याच्यावर निर्बंध घातले होते. ‘समोरच्या स्त्रीची संमती लागते’ हे त्याला समजत नव्हतं. मग ते समजणं हा क्षमतेचा भाग आहे का, असा प्रश्न होता. पहिल्या कोर्टाने नाही म्हटलं, अपील कोर्टाने हो म्हटलं, सुप्रीम कोर्टाने अपील कोर्टाचं उचलून धरलं.

तोवर प्रश्न ‘संबंधांना संमती देण्याची क्षमता’ असा विचारला जायचा. जणू दुसऱ्याने पुढाकार घ्यायचा आणि आपण फक्त मान डोलवायची. जेबीनंतर प्रश्न ‘संबंध ठेवण्याची क्षमता’ असा झाला. त्यासाठी साधारण पाच गोष्टी समजायला हव्यात. ही कृती लैंगिक आहे आणि ती कशी होते. दुसऱ्या माणसाला संमती देण्याची क्षमता असली पाहिजे, आणि त्याची संमती आधी आणि शेवटपर्यंत असली पाहिजे. आपल्याला हो किंवा नाही म्हणता येतं. स्त्री-पुरुष संबंधातून गर्भ राहू शकतो. आणि रोग होऊ शकतात, पण कंडोमसारख्या उपायाने तो धोका कमी होतो.

ही यादी परीक्षेच्या पेपरासारखी सरसकट लावायची नाही. दोन पुरुषांच्या संबंधात गर्भाचा मुद्दाच येत नाही. वर्षानुवर्षं एकमेकांशी एकनिष्ठ असलेल्या जोडप्यात रोगाचा मुद्दा फिका पडतो. रोगांची नावं पाठ असायला नकोत, ‘अशाने आजार लागू शकतो, हे वापरलं तर बहुधा लागत नाही’ इतकं पुरे. गर्भ राहू शकतो हे कळायला हवं; मूल वाढवता येईल का, हे इथे विचारायचं नाही. गर्भनिरोधकांच्या बाबतीत तर २०१०च्या एका निकालात न्या. बोडी यांनी हे स्पष्टच केलं आहे: गर्भनिरोधकाशी थेट संबंधित वैद्यकीय माहिती समजते का एवढंच पाहा.

मानसिक क्षमता कायद्याच्या कलम ३ प्रमाणे माहिती समजणं, लक्षात राहणं, ती तोलून वापरणं, आणि निर्णय कोणत्याही मार्गाने सांगणं, या चार पायऱ्या. लक्षात राहणं म्हणजे महिनाभर नव्हे, निर्णयापुरतं थोडा वेळ राहिलं तरी कायद्याला चालतं.

अहवालात सर्वांत जास्त चूक होते ती क्रमात. आधी पाहायचं की निर्णय घेता येतो का. येत नसेल तरच पुढचा प्रश्न, की ते मेंदूच्या किंवा मनाच्या कामातल्या बिघाडामुळेच आहे का. पहिल्या पानावर बुद्ध्यांक ५५ आणि शेवटच्या पानावर ‘सबब क्षमता नाही’, असा अहवाल आला तर मधलं सगळं गायब आहे. तो मान्य करू नका.

सावनी:

वाचाउपचाराच्या बाजूने भर घालते, कारण मराठी घरांत मूल्यांकन बिनसतं ते बहुतेक भाषेत.

दुभाषी ‘कन्सेंट’चं ‘परवानगी’ करतो. परवानगी म्हटलं की मुलीच्या डोळ्यांसमोर आई उभी राहते. "तुझी परवानगी आहे का?" "आईला विचारते." आणि अहवालात पडतं, ‘निर्णय आईवर सोपवते.’ मुलीने विचारलेल्या प्रश्नाचं अगदी बरोबर उत्तर दिलेलं असतं. त्याऐवजी ‘तुला हवंय का, तुला नकोय का’ असं विचारलं की ती लगेच बोलते.

दुसरं, आपल्या घरांत या अवयवांना नावच नसतं. ‘शूची जागा’, नाहीतर ‘घाण’. मग ‘संबंध’ हा शब्द तिला कुठून माहीत असणार? पहिल्या बैठकीआधी घरात कोणते शब्द वापरतात ते लिहून घ्या, दुभाष्याशी बसून शब्द ठरवा, चित्रं समोर ठेवा. शब्द माहीत नसणं म्हणजे क्षमता नसणं नव्हे. दुभाषी घरचा नको, नात्यातला नको, मित्रमंडळातलाही नको. आईसमोर कुठलीच मुलगी खरं बोलणार नाही.

एका बैठकीत उरकू नका. वीस-तीस मिनिटांच्या तीन-चार, वेगवेगळ्या दिवशी, तिच्या औषधांची गुंगी नसेल अशा वेळी. ‘हो की नाही’ प्रश्न टाळा. पुष्कळ जण समोरच्याला बरं वाटावं म्हणून सगळ्यालाच हो म्हणतात. चित्रांची कार्डं द्या आणि ‘चालेल’ आणि ‘चालणार नाही’ अशा दोन ढिगांत लावायला सांगा. मग परिस्थिती जराशी बदला. दोघं हसताहेत, दोघांना हवंय. आता तिला झोप लागली आहे, हे कार्ड कुठे? आधी हो म्हणाली, आता हात ढकलते आहे, हे कुठे? तो म्हणतो मिठाई देतो, हे कुठे? पाठ केलेलं उत्तर इथे उघडं पडतं, आणि ज्याला शब्दांत सांगता येत नाही पण आतून कळतं तोही इथेच दिसतो. बोट ठेवणं, कार्ड उचलणं, मकाटोनची (हातांच्या खुणांनी बोलायच्या पद्धतीतली) खूण, हे सगळं कायद्याने ‘सांगणं’च आहे.

प्रत्येक प्रश्न आणि प्रत्येक उत्तर जसंच्या तसं लिहून ठेवायला सांगा. कार्ड कुठल्या ढिगात गेलं तेसुद्धा.

दिगंत:

अनिकेत, माहिती उत्तम. पण जेबीच्या निकालाबद्दल एक शंका. दारू पिऊन बारमधून बाहेर पडणाऱ्या धडधाकट माणसाला कुणी ‘दुसऱ्याची संमती म्हणजे काय’ विचारत नाही. दिव्यांग माणसाला मात्र आधी परीक्षा. हा भेद नाही का?

अनिकेत_ब्रिस्टल:

आक्षेप खरा आहे आणि जेबीच्या वकिलांनीही तो घेतला होता. कोर्टाचं म्हणणं असं की निर्णयाचे परिणाम समजणं हे क्षमतेतच येतं, आणि समोरच्याची संमती नसताना काही केलं तर तिला इजा होते, आपण तुरुंगात जातो, हेही परिणामच आहेत. मला ते पटतं, पण त्यासोबत एक जबाबदारी येते आणि ती कौन्सिलं विसरतात. मानसिक क्षमता कायद्याच्या कलम १ मध्येच आहे की मदतीचे सगळे शक्य उपाय करून पाहिल्याशिवाय कुणालाही अक्षम ठरवायचं नाही. संमतीचा अर्थ कळत नसेल तर आधी शिकवायला हवं. शिकवलंच नाही आणि शिक्का मारला, तर दिगंत म्हणतोय तसा भेदच होतो.

त्याच कलमात हेही आहे की निर्णय शहाणपणाचा नाही म्हणून क्षमता नाही असं म्हणता येणार नाही. मुलाने निवडलेली मुलगी आपल्याला पसंत नाही, हा मूल्यांकनाचा विषय नाही.

क्षिप्रा:

शिकवण्याच्या मुद्द्यावर २०१७चा सीएचचा निकाल प्रत्येक कुटुंबाला माहीत हवा. डाउन सिंड्रोम असलेला माणूस, २०१० मध्ये लग्न झालेलं, बायकोबरोबर सुखाने राहणारा. मूल्यांकनात त्याची क्षमता नाही असं निघालं आणि कौन्सिलने बायकोला पत्र पाठवलं, की संबंध थांबवा, नाहीतर तो गुन्हा ठरेल. ती बिचारी दुसऱ्या खोलीत झोपायला लागली. मानसतज्ज्ञाने सांगितलं होतं की लैंगिक शिक्षणाचा अभ्यासक्रम दिला तर क्षमता येऊ शकेल. तो अभ्यासक्रम कौन्सिलने दिलाच नाही. प्रकरण कोर्टात गेल्यावर सुरू झाला, त्याने तो पूर्ण केला, आणि क्षमता आहे असं निघालं. न्या. हेडली यांनी कौटुंबिक जीवनाच्या हक्काचा भंग मान्य करून १०,००० पौंडांची भरपाई मंजूर केली.

त्याने संबंध ठेवावेत की नाही, यासाठी हे पैसे नव्हते. शिकवायला वर्षाहून जास्त उशीर केला त्याचे होते.

म्हणून ‘क्षमता नाही’ असा अहवाल हातात पडला की त्याच दिवशी लेखी विचारा: काय शिकवल्याने फरक पडेल, कोण शिकवणार, किती बैठका, पहिली कधी, पुन्हा मूल्यांकन कधी. उत्तर ‘वेटिंग लिस्ट’ असं आलं तर सीएचचा निकाल दाखवा.

सुभानराव:

केअर होममध्ये काम करणाऱ्यांनी कुठवर मदत करायची? दोघांना खोली दिली तर नोकरी जाईल अशी भीती असते.

रेवा:

सुभानराव, भीती निराधार नाही, पण नेमकी रेषा माहीत हवी. लैंगिक गुन्हे कायद्याची कलमं ३८ ते ४१ काळजी घेणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी आहेत. कर्मचाऱ्याने स्वतः संबंध ठेवले तर व्यक्तीची संमती होती हा बचाव चालत नाही. कलम ३९ प्रमाणे लैंगिक कृती ‘घडवून आणणं’ हाही गुन्हा. सी नावाच्या २७ वर्षांच्या तरुणाला सेक्स वर्करकडे जायचं होतं. त्याला क्षमता होती, पण पैसे ठरवणं, भेट जुळवणं जमत नव्हतं. कर्मचाऱ्यांनी ते जुळवून दिलं तर गुन्हा होत नाही असं पहिल्या न्यायाधीशांनी म्हटलं. अपील कोर्टाने ऑक्टोबर २०२१ मध्ये ते फिरवलं: व्यवस्था करून देणं म्हणजे घडवून आणणंच.

पण त्याच निकालात हेही आलं आहे की क्षमता असलेल्या जोडप्याला किंवा पतीपत्नीला एकांत मिळेल अशी सोय करणं म्हणजे ‘घडवून आणणं’ नव्हे. दार लावू देणं, ठोठावून आत जाणं, दोघांचा पलंग लावून देणं, लैंगिक आरोग्याच्या दवाखान्यात घेऊन जाणं, यात भिण्यासारखं काही नाही. केअर प्लॅनमध्ये ते लिहून मात्र ठेवा.

मंदार कोल्हापूर:

‘लग्न करून दिलं की सगळं मार्गी लागेल’ असं म्हणून इथली मुलगी तिकडच्या दिव्यांग मुलासाठी बघतात. मुलीला पूर्ण कल्पना देत नाहीत. यावर कायदा काय म्हणतो?

क्षिप्रा:

मंदार, हे फार महत्त्वाचं विचारलंत. मुलाला लग्नाला संमती देण्याची क्षमता नसेल, तर इंग्लंडच्या २०१४च्या समाजविघातक वर्तन, गुन्हे आणि पोलीसविषयक कायद्याच्या कलम १२१ प्रमाणे ते जबरदस्तीचं लग्न ठरतं. मारहाण, धमकी काहीही नसली तरी. मुलगा हसत हसत बोहल्यावर चढला तरी. लग्न लावून देण्यासाठी केलेली कुठलीही कृती पुरेशी आहे, आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत. लग्न कोल्हापुरात लागलं तरी, करणारा किंवा मुलगा ब्रिटिश नागरिक किंवा तिथला रहिवासी असेल तर गुन्हा तिथे चालतो.

लग्नाच्या क्षमतेची पातळी उंच नाही. २००४ मध्ये न्या. मनबी यांनी म्हटलं की लग्न हा साधा करार आहे, तो समजायला फार बुद्धी लागत नाही. लग्न म्हणजे काय आणि त्यातून काय जबाबदाऱ्या येतात एवढंच समजायला हवं, जोडीदार कसा निवडला हे नाही. म्हणून सौम्य अक्षमता असलेले खूप जण रीतसर लग्न करू शकतात. ज्याला तेवढंही समजत नाही त्याचं लग्न मात्र परदेशात लागलेलं असलं तरी इंग्लंडची कोर्टं मान्य करत नाहीत. २००८ मध्ये फोनवरून लावलेलं बांगलादेशातलं एक लग्न अपील कोर्टाने असंच अमान्य केलं. तिकडे गेलेल्या मुलीच्या वाट्याला काय येतं याचा विचार घरच्यांनी आधी करावा.

वकील_सोलापूर:

भारताचं थोडक्यात, कारण दोन्हीकडे पाय असलेली कुटुंबं गोंधळतात.

आपल्याकडे असा एक कायदा नाही. २०१७चा मानसिक आरोग्य कायदा क्षमतेबद्दल बोलतो ते उपचारांच्या निर्णयापुरतं. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती पालक नेमते, पण त्या पालकपत्राने लग्नाला किंवा संबंधांना ‘हो’ म्हणायचा अधिकार मिळतो असं समजू नका. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १३ कायद्यापुढे समान क्षमता देतं आणि कलम १४ मधलं मर्यादित पालकत्व हे मिळून, समजून घेऊन निर्णय करण्याचं आहे. हिंदू विवाह कायद्याचं कलम ५ वैध संमती देता न येणं ही अडचण मानतंच, पण त्यापुढे ‘विवाह आणि संततीस अयोग्य’ असंही एक वाक्य त्यात आहे. ते मला आजच्या काळात खटकतं.

भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये, मनोविकलतेमुळे कृतीचं स्वरूप आणि परिणाम समजत नसताना दिलेली संमती ही संमती नव्हे. कलम ६४ प्रमाणे मानसिक किंवा शारीरिक दिव्यांग स्त्रीवर बलात्काराला किमान दहा वर्षं. ‘हिचं मानसिक वय सहा वर्षं आहे’ या युक्तिवादाने मात्र पॉक्सो लागत नाही. सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये सांगितलं की वय म्हणजे जन्मतारखेचं वय. मानसिक वयाचा आकडा इंग्लंडच्या मूल्यांकनातही फार कामाचा नाही. तीस वर्षांच्या बाईची इच्छा तीस वर्षांच्या बाईचीच असते.

गर्भाबद्दल: २००९ मध्ये सुचिता श्रीवास्तव प्रकरणात सुप्रीम कोर्टाने चंदीगडच्या सरकारी संस्थेतल्या सौम्य मतिमंद तरुणीला गर्भ ठेवायचा आहे, तिच्या संमतीवाचून गर्भपात नाही, असं ठरवलं. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयातही सत्तावीस वर्षांच्या मुलीच्या बाबतीत हाच प्रश्न आला, आणि बुद्धी सरासरीपेक्षा कमी म्हणून आई होण्याचा हक्क नाही का, असं न्यायालयाने विचारलं. १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या मुलींची गर्भाशयं पुण्यात काढली गेली, ते महाराष्ट्र विसरलेला नाही. आता २०१६च्या कायद्याचं कलम १० संमतीशिवाय वंध्यत्व आणणाऱ्या कोणत्याही प्रक्रियेला मनाई करतं. ‘पाळीचा त्रास नको’ हे कारण चालत नाही.

खडकवासला:

शेवटची शंका. मोबाइल काढून घेतात, हे चालतं का? मुलगा अनोळखी बायकांना फोटो पाठवतो म्हणून.

अनिकेत_ब्रिस्टल:

तोही स्वतंत्र निर्णय आहे, आधी मूल्यांकन हवं. २०१९ मध्ये न्या. कॉब यांनी इंटरनेट आणि सोशल मीडियासाठी वेगळी यादी दिली. पाठवलेला फोटो अनोळखी माणसांपर्यंत जाऊ शकतो आणि थांबवता येत नाही. सेटिंग बदलून काही अंशी मर्यादा घालता येते. अश्लील गोष्टींनी समोरच्याला त्रास होऊ शकतो. समोरचा सांगतो तो नसूही शकतो, आणि तो इजाही करू शकतो. अति अश्लील काही पाहिलं-पाठवलं तर पोलीस येऊ शकतात. सावनी म्हणतात तशी कार्डं इथेही चालतात.

हे समजत असेल तर फोन त्याचा. समजत नसेल तर हा विषय कलम २७ मध्ये येत नाही, म्हणून हिताचा निर्णय घेता येतो, पण कमीत कमी बंधनाचा. आधी सेटिंग बदला, मग ठरावीक वेळी सोबत बसा. फोन काढून घेणं सगळ्यात शेवटी, लेखी आणि फेरतपासणीची तारीख टाकून.